एस्टोनियाच्या वाटेवर : नियम घरून ठरवून निघावे

तेरखेडा हे धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातील, सोलापूर–धुळे महामार्गावरील गाव. फटाक्यांच्या उद्योगामुळे त्याचे नाव महाराष्ट्रात दूरवर परिचित आहे. अशा गावांतील व्यापारी घराण्यांचे प्रवास एकेकाळी ठरलेले असत. मालासाठी बार्शी, लातूर आणि सोलापूरच्या बाजारपेठा, दर्शनासाठी जवळचे कुंथलगिरी, आणि आयुष्यात एकदा सम्मेदशिखरजी. आता घरातील मुले उच्च शिक्षणासाठी युरोपच्या उत्तर टोकापर्यंत पोचू लागली आहेत. एस्टोनिया हा तेथील एक छोटा देश. तेथील तार्तू विद्यापीठ १६३२ साली स्थापन झाले. राजधानी ताल्लिन संगणकक्षेत्रातील कामासाठी जगभर ओळखली जाते. मुले तेथे स्थिरावली की आई-वडिलांना आणि आजी-आजोबांनाही बोलावणे येते.

तिकीट आणि व्हिसा यांची माहिती कोणताही प्रवासी एजंट देतो. परंतु चाळीस-पन्नास वर्षे अखंड अणथमी पाळणाऱ्या आजींनी, सूर्य रात्री साडेदहाला मावळतो त्या गावी काय करावे, याचे उत्तर एजंटाकडे नसते. ते कुटुंबाने घरीच शोधावयाचे असते. तसे न केल्यास परक्या देशातील जेवणाच्या मेजावर, भुकेच्या वेळी, चार माणसांसमोर निर्णय घ्यावा लागतो आणि आयुष्यभराचा नियम पाच मिनिटांत मोडतो. म्हणून या लेखात प्रवासाच्या इतर सूचनांबरोबर आचाराच्या तयारीचा विचार मुख्यत्वे केला आहे.

देशाचा आवाका

एस्टोनियाचे क्षेत्रफळ सुमारे ४५,३०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे धाराशिव जिल्ह्याच्या जवळजवळ सहापट. लोकसंख्या मात्र सुमारे पावणेचौदा लाख. २०११ च्या जनगणनेनुसार धाराशिव जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ होती. एका जिल्ह्यापेक्षा कमी माणसे आणि सहापट भूमी, त्यातही निम्मी भूमी अरण्याची, हे ध्यानात घेतले की तेथील शांततेचे आश्चर्य वाटत नाही. लोक मितभाषी आहेत, आवाज चढवून बोलत नाहीत, आणि घरात शिरताना पादत्राणे दाराशी काढतात. ही शेवटची रीत महाराष्ट्रीय पाहुण्यास आपल्याच घरची वाटेल. भेटीचे अभिवादन ‘तेरे’ असे आहे. तेरखेडकरांना ते शिकण्यास वेळ लागणार नाही. आभार मानताना ‘आइताह’ म्हणतात.

हा देश २००४ साली युरोपीय संघात, २००७ च्या डिसेंबरात शेंगेन क्षेत्रात आला, आणि १ जानेवारी २०११ पासून तेथे युरो हे चलन आहे. घड्याळ उन्हाळ्यात भारताच्या अडीच तास मागे, तर हिवाळ्यात साडेतीन तास मागे असते. मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तेथील घड्याळे बदलतात. त्या दिवसांत प्रवास असल्यास विमानाची वेळ पुन्हा पाहून घ्यावी.

सूर्य आणि नियम

धाराशिव परिसरात वर्षभरातील सूर्यास्ताच्या वेळांत सव्वा तासाच्या आसपासच अंतर पडते. त्यामुळे ‘दिवस मावळण्यापूर्वी जेवण’ हा नियम घराच्या दिनक्रमात सहज बसतो. ताल्लिन उत्तर अक्षांश ५९ अंशांच्याही पुढे आहे. तेथे २१ जूनच्या सुमारास सूर्य पहाटे चारला उगवतो आणि रात्री सुमारे पावणेअकराला मावळतो. त्यानंतरही आकाश पूर्णपणे काळोखात बुडत नाही. २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्योदय सकाळी सव्वानऊच्या पुढे आणि सूर्यास्त दुपारी सुमारे तीन वाजून वीस मिनिटांनी होतो. मार्च व सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस-रात्र आपल्यासारखी समान असते.

याचा आचारावर होणारा परिणाम हिशेबाने पाहावा. डिसेंबरात नवकारसी करणाऱ्या श्रावकाने सूर्योदयानंतर ४८ मिनिटे थांबले, तर दहा वाजतात. चौविहार दुपारी तीनच्या थोडे पुढेच सुरू होतो. अन्नपाण्यासाठी उरतात जेमतेम सव्वापाच तास. मुलगा कामावरून पाचला परततो, तेव्हा त्याच्यासोबत आई-वडिलांना पाणीही घेता येत नाही. वृद्धांनी, आणि विशेषतः मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी, हिवाळ्यातील प्रवास टाळणेच इष्ट. दिवाळीनंतर सवलतीचे तिकीट मिळते म्हणून नोव्हेंबर निवडणाऱ्यांनीही हे ध्यानी घ्यावे की त्या महिन्याच्या प्रारंभी तेथे सूर्यास्त साडेचारच्या आतच होतो.

जूनमधील अडचण याच्या उलट आहे. स्थानिक सूर्यास्त प्रमाण मानला तर रात्री दहालाही जेवता येते. अक्षराने नियम पाळला जातो, पण ज्या संयमासाठी तो घेतला, तो संयम मात्र उरत नाही. अशा वेळी कुटुंबाने निघण्यापूर्वी आपल्या गुरूंना किंवा जाणत्या साधर्मिकांना विचारून घड्याळाची एक मर्यादा बांधून घ्यावी. उदाहरणार्थ, सूर्य कितीही वर असला तरी सायंकाळी सातनंतर आहार नाही. पहाटे चारला सूर्य उगवला म्हणून नवकारसीही पावणेपाचला पारावी असे नाही. घरच्या वेळेनुसार सकाळी सात-आठ ठरवावे. अशी मर्यादा मूळ नियमापेक्षा कठोर असल्याने तिच्यामुळे नियमास बाध येत नाही. मात्र ती तेथे गेल्यावर ठरवू नये, कारण तेथे सहलीचा कार्यक्रम आणि यजमानांचा आग्रह हेच निर्णय घेऊ लागतात.

ही कल्पना नवी नाही. श्रावकाच्या गुणव्रतांत दिग्व्रत आहे. कोणत्या दिशेला किती दूर जावे, याची मर्यादा त्यात आधीच घातली जाते. प्रवासाआधी मर्यादा बांधण्याचे शिक्षण आपल्या पूर्वजांना होतेच. धाराशिव जिल्ह्यातीलच कुंथलगिरी हे देशभूषण व कुलभूषण मुनींचे सिद्धक्षेत्र. तेथेच १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना पूर्ण केली. तेरखेडा परिसरातील कुटुंबाने मुंबईकडे निघण्यापूर्वी तेथे दर्शनास जावे आणि आपला नियम तेथेच उच्चारावा. देवासमोर उच्चारलेला शब्द परदेशात अधिक दृढ राहतो.

महिना निवडताना आणखी एक गोष्ट. तेथील पर्यटनाचा भर जुलै-ऑगस्टात असतो, म्हणजे आपल्या चातुर्मासात. पर्युषण व दशलक्षण पर्वही बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात येतात. म्हणून एप्रिलचा उत्तरार्ध ते मे अखेर हा काळ सर्वांत सोयीचा. शाळांना सुट्टी असते, हिम बहुतेक वितळलेले असते, आणि सूर्यास्त एप्रिलच्या मध्यास साडेआठच्या सुमारास, तर मेच्या मध्यास साडेनऊच्या पुढे होतो.

ताटातील प्रश्न

एस्टोनियाच्या नित्याच्या जेवणात काळी राईची पोळीसारखी नव्हे तर जाड, आंबवलेली पाव, बटाटा, मासे आणि मांस यांचे प्राधान्य असते. भाज्यांचे सूप म्हणून समोर येणाऱ्या वाडग्यातही मांसाचा अर्क असू शकतो. अळंबीचे पदार्थ सर्वत्र आढळतात. दही व मिष्टान्नांत जिलेटिन, चीजमध्ये प्राणिज रेनेट असण्याची शक्यता असते. तेथील भारतीय उपाहारगृहांतही रस्सा कांदा-लसणाच्या वाटणात आधीच तयार केलेला असतो. त्यामुळे आयत्या वेळी ‘कांदा-लसूण नको’ म्हणून उपयोग नाही. आदल्या दिवशी दूरध्वनी करून जिऱ्याच्या फोडणीची डाळ व भात वेगळा करून मागावा.

दुकानातून खरेदी करताना पाकिटावरील शब्द ओळखता आले पाहिजेत. कांद्याला सिबुल, लसणाला क्यूस्लाउक, बटाट्याला कार्तुल, गाजराला पोरगांद, बिटाला पेत, अंड्याला मुना, मांसाला लिहा, कोंबडीला काना, माशाला काला आणि मधाला मेसी म्हणतात. मुलांकडून हे शब्द रोमन लिपीत एका कागदावर लिहून घ्यावेत व तो खिशात ठेवावा. युरोपीय संघाच्या नियमानुसार १४ प्रकारचे ॲलर्जीकारक घटक पाकिटावर ठळक छापावे लागतात. अंडे, दूध आणि मासे त्यांत येतात. मांस, जिलेटिन, कांदा व लसूण त्यांत येत नाहीत. म्हणून ठळक अक्षरांत काही दिसले नाही एवढ्यावरून पदार्थ भक्ष्य समजू नये. संपूर्ण यादी वाचावी.

‘कामा’ नावाचे एक पीठ तेथे घरोघरी असते. भाजलेले जव, राई, ओट आणि वाटाणा दळून ते करतात. चव आणि रूप पाहता आपल्या सातूच्या पिठाची आठवण होते. परंतु तेथील लोक ते आंबट दुधात किंवा ताकासारख्या पेयात कालवून खातात. वाटाणा हे द्विदल असल्याने दही-ताकाशी त्याचा संयोग जैन आहारात अभक्ष्य ठरतो. तेच पीठ साखर घालून पाण्यात कालवावे म्हणजे अडचण राहत नाही. पाकीट मात्र उघडण्यापूर्वी तारीख पाहावी. पिठाची मर्यादा पाळणाऱ्यांनी ते टाळावे. कुट्टू तेथे भाताप्रमाणे शिजवून खाल्ला जातो आणि प्रत्येक दुकानात मिळतो. काकडी, टोमॅटो, कोबी, सफरचंद, दूध आणि लोणी यांचीही टंचाई नाही.

एवढे पाहता हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेले भाड्याचे घर घेणे श्रेयस्कर. आठवडाभर राहावयाचे असल्यास खर्चही कमी येतो. मात्र फोडणी देताना खिडकी उघडी ठेवावी आणि वरचा पंखा चालू करावा, कारण धुराने इशाऱ्याची घंटा वाजते. उदबत्ती व तुपाचा दिवा भाड्याच्या घरात लावू नये. आरती मनोभावे, दिव्यावाचून करावी. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते. गाळून-उकळून पिणाऱ्यांनी गाळण्याचे वस्त्र सोबत न्यावे. पाणी उकळण्याची विजेची किटली बहुतेक ठिकाणी असते.

सोबत काय न्यावे, काय नेऊ नये

येथे बहुतेकांची फसगत होते. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशास दूध व दुग्धजन्य पदार्थ सोबत आणण्यास मनाई आहे. म्हणजे साजूक तुपाचा डबा, पेढे, बर्फी, खवा, श्रीखंड हे सारे घरीच राहिले पाहिजे. ताजी फळे व भाज्याही वनस्पती-आरोग्याच्या प्रमाणपत्रावाचून चालत नाहीत. १४ डिसेंबर २०१९ पासून यास केवळ पाच फळांचा अपवाद आहे : केळी, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन. मे महिन्यात मुलांसाठी हापूसची पेटी नेण्याचा मोह प्रत्येक आईला होतो. ती पेटी सीमाशुल्काच्या खिडकीवर टाकून द्यावी लागते. ताजा कढीपत्ता व कोथिंबीर यांनाही हाच नियम.

त्याऐवजी तेलात केलेले खाकरे, भाजलेले पापड, चिवडा, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, गूळ, वेलदोडे व सुकवलेले मसाले न्यावेत. प्रत्येक पाकिटावर इंग्रजीत नाव लिहावे. पांढऱ्या पिठाच्या नावावाचूनच्या पिशव्या तपासणीत नेहमीच संशय निर्माण करतात.

तेरखेड्यासाठी एक विशेष सूचना. फुलबाजी, टिकल्या, नमुन्याची रिकामी नळी, असे काहीही सामानात चुकूनही जाऊ देऊ नये. विमानतळावर सामान व हात पुसून स्फोटक द्रव्याचा अंश शोधणारी यंत्रे असतात. म्हणून कारखान्यात किंवा गुदामात वापरलेली पिशवी, पट्टा, पादत्राणे व कपडे प्रवासासाठी घेऊच नयेत. नवी किंवा स्वच्छ धुतलेली वस्त्रे व नवी बॅग घ्यावी. काडेपेटी व लायटर भारतीय विमानतळावर काढून घेतात.

थंडीची वस्त्रे खरेदी करताना आतील भरण विचारावे. अनेक उबदार जाकिटांत बदक-हंसांची पिसे भरलेली असतात, आणि टोपीच्या कडेला खरी लव असते. कृत्रिम तंतूंचे भरण असलेली जाकिटे तितकीच उबदार मिळतात. बूटही चामड्याऐवजी कापडी-रबरी, पाणी न शिरणारे घ्यावेत.

अंधारात रस्त्याने पायी चालणाऱ्याने प्रकाश परावर्तित करणारी छोटी पट्टी किंवा लोलक अंगावर लावणे एस्टोनियात कायद्याने बंधनकारक आहे. ती दुकानांत अल्प किमतीत मिळते. वाहने उजव्या बाजूने धावतात, म्हणून रस्ता ओलांडताना प्रथम डावीकडे पाहावे. संकटकाळी सर्वत्र ११२ हा क्रमांक लावावा.

कागदपत्रे आणि पैसा

शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत अधिकाधिक ९० दिवस राहता येते. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून ते किमान १५ दिवसांपर्यंत करता येतो. पण उन्हाळ्याची गर्दी पाहता तीन महिने आधी करावा. जून २०२४ पासून प्रौढांचे शुल्क ९० युरो, सहा ते बारा वर्षांखालील मुलांचे ४५ युरो आहे. त्याहून लहान मुलांना शुल्क नाही. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा हवा. पारपत्र परतीनंतर किमान तीन महिने वैध आणि दहा वर्षांच्या आत दिलेले असावे. ज्या देशात अधिक रात्री मुक्काम, त्याच देशाकडे अर्ज करावा. दूतावास नवी दिल्लीत आहे.

दुकानदार कुटुंबांनी प्राप्तिकर विवरणपत्रे, जीएसटी नोंदणी व बँकेचे उतारे सुसंगत ठेवावेत. खात्यात अचानक भरलेली मोठी रक्कम विश्वास वाढवीत नाही, उलट प्रश्न उभे करते. विवाहित स्त्रियांचे पारपत्रावरील नाव व तिकिटावरील नाव अक्षरशः एकच असावे.

मुंबईहून ताल्लिनला थेट विमान नाही. मध्ये एकदा बदलावे लागते. हेलसिंकीपर्यंत विमानाने व तेथून सुमारे दोन तासांच्या जहाजप्रवासाने जाण्याचाही मार्ग आहे. तिकीट काढतानाच जैन शाकाहारी भोजन नोंदवावे. त्याचा संकेत ‘व्हीजेएमएल’ असा असतो. विमान बदलल्यावर युरोपांतर्गत छोट्या टप्प्यात असे भोजन मिळेलच असे नाही. त्या टप्प्यासाठी खाकरे हातातल्या पिशवीत असावेत.

१०,००० युरो किंवा अधिक रोख रक्कम सोबत असल्यास ती घोषित करणे बंधनकारक आहे. प्रत्यक्षात एवढ्या रोखीची गरज नसते. लहानसहान खरेदीही कार्डाने होते आणि ताल्लिनच्या बसमध्ये बँकेचे कार्ड यंत्राला लावूनच तिकीट निघते.

काय पाहावे

ताल्लिनचे जुने शहर १९९७ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि व्यापारी घराण्यांना ते विशेष जवळचे वाटेल. मध्ययुगात हे हान्सा व्यापारी संघातील बंदर होते. तेथील ‘महाश्रेणी’चे सभागृह १४१० साली पूर्ण झाले. त्या श्रेणीत विवाहित व्यापाऱ्यांनाच प्रवेश असे. अविवाहितांची संघटना वेगळी होती. नगरभवनाच्या चौकातील औषधालयाचा उल्लेख १४२२ पासून सापडतो, आणि ते आजही त्याच जागी चालू आहे. सहा शतके एकाच ओट्यावर चाललेली पेढी पाहण्याचा योग कोठे येतो?

अहिंसेवर श्रद्धा असणाऱ्याने गीतमहोत्सवाचे मैदान अवश्य पाहावे. सोव्हिएत सत्तेखाली असताना १९८८ मध्ये येथे लाखो लोक स्वातंत्र्याची गीते गाण्यास जमले. २३ ऑगस्ट १९८९ रोजी एस्टोनिया, लाटविया व लिथुआनियातील सुमारे वीस लाख माणसांनी ताल्लिनपासून व्हिल्नियसपर्यंत सहाशे किलोमीटरहून लांब मानवी साखळी केली. २० ऑगस्ट १९९१ रोजी एस्टोनियाने स्वातंत्र्य पुन्हा मिळविले, आणि तेथे रक्तपात झाला नाही. शस्त्रावाचून राष्ट्र उभे राहिल्याचे हे उदाहरण मुलांना तेथेच सांगावे.

व्यापाऱ्यांसाठी एक सावधगिरी

एस्टोनियाने डिसेंबर २०१४ मध्ये ‘ई-रेसिडेन्सी’ ही योजना सुरू केली. तिच्याद्वारे परदेशी व्यक्तीस डिजिटल ओळखपत्र मिळते व युरोपीय संघात कंपनी स्थापून ती दुरूनच चालविता येते. ‘हे कार्ड घेतले की युरोपात राहता येते’ असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. ते व्हिसा नाही, निवासाचा परवाना नाही, नागरिकत्व तर नाहीच. तेथे कंपनी काढल्यास भारतातील रहिवाशाने तिची नोंद प्राप्तिकर विवरणपत्रात करावी लागते, आणि गुंतवणुकीस रिझर्व्ह बँकेचे परदेशी गुंतवणूकविषयक नियम लागू होतात. आपल्या सनदी लेखापालास विचारल्याशिवाय एकही स्वाक्षरी करू नये.

शेवटी निघण्याच्या आदल्या आठवड्यात सर्व कुटुंबाने एकत्र बसावे. कोण अणथमी पाळतो, कोणास कंदमूळ वर्ज्य आहे, कोणाची अष्टमी-चतुर्दशी त्या दिवसांत येते, औषधांच्या वेळा कोणत्या, हे एका कागदावर लिहावे आणि तो कागद तिकडील मुलांनाही पाठवावा. मुलांनी त्यानुसार घर, दुकान आणि फिरण्याच्या वेळा आखाव्यात. आजी-आजोबांना परदेशात कोणाकडे काही मागावे लागू नये आणि नाकारावेही लागू नये, एवढी तयारी मुलांनी करून ठेवली म्हणजे प्रवासाचे निम्मे काम झाले.